बिनकाचेच्या चष्म्याचे ७२५ डॉलर

हिशेब आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांना पुढचं वाचत बसायला नको. सेशनचे २७५, दहा डिजिटल फाइल्सचे ४५०, मिळून ७२५ डॉलर, वर टॅक्स. बारावीतल्या एका मुलाचे, म्हणजे आमच्या चिरंजीवांचे, फोटो. दीड तास, दोन जोडी कपडे, दोन ठिकाणं. प्रिंट एकही नाही. अमेरिकेत १९ वर्षं काढली तरी असा आकडा ऐकला की मी तो मनातल्या मनात रुपयांत गुणते आणि मग घोटभर पाणी पिते. तरीही पैसे वाया गेले का म्हणाल, तर नाही गेले. नवरा म्हणतो निम्मे गेले. सासूबाई म्हणतात सगळे गेले, पण फोटो मात्र त्यांच्याच पर्समध्ये आहे.

ज्यांची मुलं अजून प्राथमिक शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडं. सीनियर म्हणजे हायस्कूलचं शेवटचं वर्ष, आपली बारावी. अकरावी संपून सुट्टी लागते न लागते तोच शाळेने ठरवलेल्या फोटो कंपनीचं पत्र येतं: अमुक तारखेला या, ईयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकासाठी, फोटो काढायचाय. सगळ्यांचा फोटो सारखा दिसावा म्हणून मुलींच्या खांद्यांवर काळं कापड टाकतात, त्याला ‘ड्रेप’ म्हणतात. मुलांना समोरून टक्सिडो आणि मागून नुसत्या नाड्या, असा एक अर्धा अंगरखा चढवतात. पाठीमागून बघितलं तर मुलगा हाफ पँट आणि चपलांवर उभा. आमच्याकडे हे सगळं सहा मिनिटांत उरकलं. मान उजवीकडे, हनुवटी खाली, हसा, पुढचा.

दोन आठवड्यांनी प्रूफ, म्हणजे निवडायचे नमुना फोटो, आले. चिरंजीवांचा नंबर उणे साडेसहा. काचांवर परावर्तन कमी करणारं कोटिंग आहे, ते एरवी उत्तम, पण समोरून फ्लॅश पडला की हिरवी झाक मारतं. पाचही फोटोंत डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. आई, म्हणजे सासूबाई, तेव्हा सहा महिन्यांसाठी कऱ्हाडहून आल्या होत्या. त्यांनी आयपॅड डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाल्या, “रात्री गोठ्यात मांजर बसल्यावर असं दिसतं.”

ईयरबुकात अर्थात तोच गेला. आमच्या शाळेत बाहेरच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो ईयरबुकाला चालतच नाही, आणि हे मला ऑगस्टमध्ये कळलं. काही शाळांत चालतो, पण तिथेही माप, पार्श्वभूमी आणि शेवटची तारीख ठरलेली असते. मुलगा सांगेल अशी वाट बघू नका. मुलाला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो सांगत नाही. शाळेच्या ऑफिसला एक ईमेल टाका आणि मगच बाहेरच्या फोटोंवर खर्च करायचा की नाही ते ठरवा.

आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं.

माझा धंदा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. लोकांच्या कामातल्या चुका काढायचाच मला पगार मिळतो, तेव्हा फोटोग्राफर निवडताना मी तेच केलं. तीन जणींच्या वेबसाइट उघडल्या आणि पहिल्या पानावरचे फोटो बघितलेच नाहीत. पहिल्या पानावर सगळ्यांचंच छान असतं. आत जाऊन एकाच मुलाचा संपूर्ण संच दाखवणारी पानं शोधली आणि त्यात सावळी मुलं शोधली. पहिल्या दोघींची शैली सध्या फार चालते ती: मागचं सगळं पांढुरकं, धुक्यासारखं, वरून मऊ पिवळा उजेड. त्यात गोरी मुलं दुधात न्हाल्यासारखी दिसतात आणि आपली मुलं कावीळ होऊन नुकतीच उठल्यासारखी. तिसरीच्या पानावर एक कृष्णवर्णीय मुलगी चेलो घेऊन बसलेली होती. संध्याकाळचं ऊन, गालावर उजेड, आणि कातडीचा रंग कातडीचाच. आणखी दोन पानं उलटली तर चष्मेवाली मुलं सापडली आणि काचांमधून डोळे दिसत होते. फोन लावला.

त्या फोनबद्दल तिला मी पैकीच्या पैकी देते. अर्धा तास बोलली आणि त्यातली वीस मिनिटं माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. काय वाजवतोस, कुठल्या फोटोत तू तुला आवडतोस, कुठला फोटो आईने फेसबुकवर टाकलाय तो तुला काढून टाकायचाय. या शेवटच्या प्रश्नाला चिरंजीवांनी फारच सविस्तर उत्तर दिलं. मग तिने चष्म्याचा नंबर विचारला. काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत का? आहेत. मग म्हणाली, अगदी तशीच फ्रेम रिकामी मिळाली तर बघा. चष्म्याच्या दुकानात विचारलं तर बरेच जण काचा काढून देतात.

आमच्याकडे जुना चष्मा होता. फ्रेम तीच, नंबर दोन वर्षांपूर्वीचा. चष्मेवाल्याने दोन अंगठ्यांनी टक् टक् करून काचा बाहेर काढल्या आणि कागदी पाकिटात घालून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

करार चार पानी होता आणि मी तो वाचला. नवऱ्याच्या मते तो वाचणारी त्या बाईच्या कारकिर्दीतली मी पहिलीच असेन. दोन गोष्टी सांगते. एक, तिसऱ्या पानावर वाक्य होतं की फोटो ती आपल्या वेबसाइटवर आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी वापरू शकते. मी विचारलं, हे काढता येईल का? तिने त्याच दिवशी काढून नवीन प्रत पाठवली, चेहरा वाकडा न करता. निदान ईमेलमध्ये तरी नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कॉपीराइट. पैसे आपण दिले, चेहरा आपल्या मुलाचा, तरी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे फोटोचा कॉपीराइट, वेगळं लिहून दिलं नसेल तर, काढणाऱ्याकडेच राहतो. फाइल विकत घेतली म्हणजे हवं तिथे छापायचा हक्क मिळाला असं होत नाही. त्यासाठी ‘प्रिंट रिलीज’ नावाचं पत्र लागतं. औषधांच्या दुकानातल्या फोटो काउंटरवर व्यावसायिक वाटणारा फोटो नेला तर ते पत्र मागतात. मैत्रिणीला एकदा परत पाठवलं होतं. तेव्हा पत्र फाइल्सबरोबरच येणार असं लेखी घ्या.

‘सीनियर रेप’, म्हणजे फोटोग्राफरचा शाळेतला प्रतिनिधी, व्हायची ऑफरही आली. म्हणजे सेशन जवळपास फुकट, पण मुलाने आपले फोटो तिचं नाव घालून टाकत राहायचं आणि वर्गातली गिऱ्हाइकं आणायची. माझे डोळे चमकले. चिरंजीव म्हणाले, “आई, आय अ‍ॅम नॉट अ‍ॅन इन्शुरन्स एजंट.” विषय संपला.

तारीख ठरली ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली, संध्याकाळी साडेसहा. ओहायोतल्या कोलंबसला त्या दिवसांत सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो, आणि तिला तो शेवटचा तासच हवा होता. आम्ही राहतो त्या डब्लिनमध्ये सायोटो नदीवर एस आकाराचा पायी चालण्याचा पूल आहे, २०२० साली उघडलेला. गावातल्या निम्म्या मुलांचे सीनियर फोटो त्या पुलावर आहेत. मी गृहीत धरलं होतं की आपणही तिथेच. ती पुलाकडे न बघता आम्हाला घेऊन गेली जवळच्या पार्किंग गॅरेजच्या तोंडाशी. खालच्या मजल्यावर, जिथून गाड्या आत येतात तिथे. डोक्यावर छप्पर, समोर मोकळं आकाश, पायाखाली आणि बाजूला फिकट सिमेंट. आई हळूच मला म्हणाल्या, “गाड्या लावायच्या जागेत उभं करायला एवढे पैसे?”

पण उजेड बघण्यासारखा होता. ऊन थेट पडत नव्हतं, समोरच्या आकाशाचा मऊ प्रकाश आत येत होता आणि फिकट सिमेंट तो खालून परत चेहऱ्यावर फेकत होतं. डोळ्यांखालच्या सावल्या गायब. तिने मला एक गोष्ट दाखवली ती आता मी घरच्या फोटोंनाही वापरते. आधी त्याला झाडाखाली हिरवळीवर उभं करून एक फोटो काढला, मग गॅरेजच्या तोंडाशी एक. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवले. झाडाखालच्या फोटोत हनुवटीखाली आणि जबड्यावर चक्क हिरवट रंग. गवत आणि पानं आपला रंग चेहऱ्यावर टाकतात, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर तो फार मळकट दिसतो. इतकी वर्षं आम्ही वाढदिवसाचे फोटो बागेत झाडाखालीच काढत आलोय.

नवऱ्याला तिने काम दिलं. एक गोल, चंदेरी, घडीचा रिफ्लेक्टर हातात देऊन सांगितलं, असा धरा. तो लग्नातल्या परातीसारखा दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि कधी नव्हे ते पाऊण तास कोणालाही सल्ला दिला नाही. शेवटी रिफ्लेक्टरची घडी घालायची वेळ आली तेव्हा ते चक्र तीन वेळा त्याच्या तोंडावर उघडलं. ती हसली नाही. मी हसले.

पहिली वीस मिनिटं मात्र वाईट गेली, आणि इथे दोष तिचा नव्हे. अंगात लेटर जॅकेट, म्हणजे छातीवर शाळेचं अक्षर असलेलं मानाचं जॅकेट, होतं. मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवून मिळवलेलं, त्यामुळे ते घालायचंच. अंगाला लोकर, बाह्यांना चामडं, आणि बाहेर ८८ अंश फॅरनहाइट. कानामागून घाम. वर चिरंजीवांचं हसू. त्याचं एक हसू आहे, ते तो पासपोर्टसाठी राखून ठेवतो: ओठ मिटलेले, भुवया वर, जणू इमिग्रेशनचा अधिकारी विचारतोय किती दिवस राहणार. आईंना ते आवडलं, कारण त्यांच्या मते फोटोत दात दाखवणं बरं नाही. त्यांचा मॅट्रिकचा फोटो तसाच आहे, ओठ घट्ट, नजर कॅमेऱ्याच्या जरा वर. फोटोवाली त्याला चालायला सांगे, वळायला सांगे, जॅकेट खांद्यावर टाकायला सांगे. तो सगळं करत होता, दर वेळी तेच हसू घेऊन. कारण पन्नास फुटांवर पुलाकडे जाणारी माणसं चालली होती, आणि त्यातली दोन त्याच्या वर्गातली होती.

मग ती म्हणाली, चष्मा बदल.

त्याने खरा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि बिनकाचेची फ्रेम चढवली. आता, उणे साडेसहा म्हणजे काय ते चष्मेवाल्यांच्या घरातच कळेल. हातभर लांबचं सगळं पुसलेलं. समोरची बाई म्हणजे एक काळा ठिपका आणि एक आवाज. पुलाकडे चाललेली माणसं नाहीशी. वर्गातली ती दोघं नाहीशी. आई, बाबा, आजी, परात, सगळं नाहीसं. त्याचे खांदे खाली आले. मी सतरा वर्षं त्या पोराला ‘खांदे खाली कर’ म्हणून सांगतेय.

ती नुसती बोलत राहिली. आवाजाच्या दिशेने बघ. आता माझ्या डाव्या कानाकडे बघ. कुठे आहे कान? तो म्हणाला, “आय हॅव नो आयडिया व्हेअर यू आर,” आणि हसला. खरं हसला, दात दाखवून, मान जरा वाकडी करून, जसा तो फोनवर मित्राशी बोलताना हसतो आणि मी खोलीत गेले की थांबतो. शटरचा आवाज सलग आला, कॅलेंडरची पानं फडफडावीत तसा.

आणखी एक झालं, ते मला घरी फोटो बघताना कळलं. जाड उणे नंबरच्या काचा डोळे लहान दाखवतात, आणि चष्म्याच्या आत गालाची कड थोडी आत सरकलेली दिसते. आम्हाला ते इतकं सवयीचं झालंय की तो त्याचा चेहराच वाटतो. बिनकाचेच्या फ्रेममध्ये डोळे त्यांच्या खऱ्या मापाचे. मोठे. सरळ त्याच्या आजोबांचे. फ्रेम नाकावर आहे, म्हणजे मुलगा आपलाच, पण हे डोळे मी या चेहऱ्यावर चौथीनंतर बघितले नव्हते, कारण चौथीत चष्मा लागला. रात्री झोपताना तो काढतो, पण तेव्हा मी तिथे नसते.

हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. नवरा म्हणतो ही फसवणूक आहे, पोरगा असा दिसतच नाही. मला वाटतं असाच दिसतो, आपल्याला बघायला मिळत नाही.

दुसरं ठिकाण चिरंजीवांनी निवडलं, आणि माझा जीव खाली-वर झाला. डब्लिनच्या बाहेरून आलेल्यांना सांगते, आमच्या गावात एका हिरवळीवर सिमेंटची १०९ मक्याची कणसं ओळीत उभी आहेत, एकेक माणसाएवढं. शिल्पकार माल्कम कॉक्रन, साल १९९४. ती जागा पूर्वी सॅम फ्रँट्झ या मक्याच्या संकरित वाणांवर काम केलेल्या शेतकऱ्याची. आता चहूबाजूंना ऑफिसच्या इमारती आणि मध्ये हा दगडी मका. मी त्याला म्हटलं, अरे, आजी सगळ्या कऱ्हाडला हे फोटो दाखवणार, कणसात कशाला उभा राहतोस? तो म्हणाला, पुलावर सगळेच उभे राहतात.

फोटोवालीने लगेच होकार दिला, आणि तिचं कसब इथे दिसलं. सूर्य पार खाली आलेला, कणसांच्या लांबच लांब सावल्या. तिने त्याला कुर्ता घालून, ट्रॉम्बोन घेऊन मधल्या रांगेत उभं केलं, स्वतः बरीच मागे गेली आणि लांबची लेन्स लावली. लांबच्या लेन्सने मागच्या गोष्टी जवळ आल्यासारख्या वाटतात, त्यामुळे फोटोत कणसं खेटून उभी दिसतात, सभेला जमलेल्या गर्दीसारखी, आणि हा त्यांच्यापुढे वाजवतोय. कुर्ता गेल्या दिवाळीचा, बाह्या दोन बोटं आखूड झालेल्या. आम्ही चौघांनीही बिनतक्रार पसंत केलेला हा एकच फोटो. आईसुद्धा म्हणाल्या, “मका बरा आलाय.”

परतताना मी तिला विचारलं की अमक्याच्या मुलीचे रेल्वेच्या रुळांवरचे फोटो बघितले, तसे तुम्ही काढता का? ती तिथल्या तिथे नाही म्हणाली. रूळ रेल्वे कंपनीच्या मालकीची जागा, परवानगीशिवाय पाऊल टाकणं गुन्हा, आणि भरलेली मालगाडी वेगात असली तर ब्रेक लावल्यापासून थांबायला मैलाहून जास्त अंतर घेते. म्हणाली, तसे फोटो मागणारं गिऱ्हाईक मी सोडून देते. मला आवडलं.

आता तक्रारी.

फोटो बघायला तिच्या स्टुडिओत बोलावतात, ईमेलने लिंक येत नाही. हे मला आधी माहीत होतं, तरी मी तयारीनिशी गेले नाही. मंद दिवे, भिंतीएवढा पडदा, सोफा, पियानोचं संगीत, आणि समोरच्या टेबलावर टिश्यूचा डबा. तो डबा बघूनच मला कळायला हवं होतं. सराफाच्या दुकानात गादीवर बसलं की तो आधी चहा मागवतो आणि मग मखमलीचा ट्रे उघडतो, तसंच हे. चाळीस फोटो हळूहळू एकामागून एक. बिनकाचेचे डोळे आले तेव्हा मी डब्याला हात घातला. दिवे लागले आणि दरपत्रक हातात आलं.

सगळ्या चाळीस फाइल्स ९०० डॉलर. अल्बम, भिंतीवरचा कॅनव्हास आणि फाइल्स मिळून १,८०० डॉलर. आठ बाय दहाचा एक प्रिंट ८५. फोनवर तिने सांगितलं होतं की फाइल्स ४५० पासून सुरू होतात. ते खरं, पण कॅनव्हासची, अल्बमची किंमत तेव्हा सांगितली नव्हती, आणि मीही विचारली नव्हती. माझ्या धंद्यात याला टेस्ट केस राहिली असं म्हणतात. डोळे ओले असताना १,८०० हा आकडा फार मोठा वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगते. नवरा म्हणाला, “आम्ही घरी जाऊन ठरवतो.” आयुष्यात कधी नव्हे ते त्याचं घरी जाऊन ठरवणं उपयोगी पडलं. तिने ताण दिला नाही, पण ‘आज ठरवलं तर दहा टक्के’ हे वाक्य आलंच. माझ्या हिशेबात एक गुण वजा.

दहाच फाइल्स घेतल्या. निवडायला तीन रात्री लागल्या. चाळिसातून पंचवीस आपोआप गळतात आणि उरलेल्या पंधरातले पाच टाकताना घरात भांडण होतं. दहा पुरतात का? पुरतात. आम्ही प्रत्यक्षात चार वापरतो.

फाइल पूर्ण मापाची आहे ना, तेही बघून घ्या. काही ठिकाणी स्वस्तात देतात ती मोबाइलवर दाखवण्यापुरतीच असते. आठ बाय दहा इंची प्रिंट नीट यायला, इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर २४०० गुणिले ३००० पिक्सेल लागतात. आमच्या फाइल्स त्याच्या दुपटीहून मोठ्या होत्या.

आणखी एक तक्रार, वेळेची. तीन आठवडे म्हणाली होती, साडेपाच लागले. मध्ये दोनदा मी ईमेल केला, एकाला उत्तर आलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिचा हंगाम, हे मला कळतं. मग तीन आठवडे म्हणू नये, सहा म्हणावं आणि पाचव्यात द्यावं.

आणि रिटचिंग. फाइल्स पहिल्यांदा आल्या तेव्हा पुटकुळ्या गेल्या होत्या, ते ठीक, पुटकुळ्या आठवड्याभराच्या पाहुण्या. पण वरच्या ओठावरची मिशीची कोवळी रेघही गेली होती. बहुधा सावली समजून पुसली असावी. ती रेघ म्हणजे चिरंजीवांची वर्षभराची कमाई. आरशासमोर उभं राहून त्याने तिची मशागत केलीय. तो फोटो बघून काही बोलला नाही, नुसता बोट ओठावर फिरवत खोलीत गेला. मी ईमेल केला: मिशी परत द्या. तिने दोन दिवसांत सगळ्या दहा फाइल्स दुरुस्त करून पाठवल्या आणि त्याला वेगळा ईमेल करून माफी मागितली, मला नाही, त्याला. साडेपाच आठवड्यांचा राग मी तिथे निम्मा माफ केला.

प्रिंट आम्ही ऑनलाइन लॅबमधून काढले, तिच्या पत्राच्या जोरावर. वॉलेट साइजचे, अडीच बाय साडेतीन इंची, ही मुलं अजूनही एकमेकांना देतात आणि मागे काहीतरी लिहितात, फोनच्या जमान्यातही. आम्ही ३२ काढले. कोणता फोटो वाटायचा यावर मी बिनकाचेचा म्हटलं. त्याने कणसांचा निवडला. बिनकाचेचा एक आईंनी मागून घेतला आणि पर्समध्ये, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ठेवला. कऱ्हाडहून त्यांचा परवा फोन आला होता. शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, नातवाचा नंबर गेला का हो? तिकडे काही ऑपरेशन करतात ना?

पाचपैकी चार तारे. त्या बाईकडे जाणार असाल तर दरपत्रक फोनवरच सगळं मागा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्या, लेटर जॅकेट असेल तर ते शेवटी घाला, आणि स्टुडिओत नवऱ्याला बरोबर न्या.

मे महिन्यात हायस्कूल संपल्याच्या समारंभाची टोपी आणि गाऊन येईल, तेव्हा तिचं वीस मिनिटांचं छोटं सेशन असतं, ते मी ९० डॉलरला आत्ताच धरून ठेवलंय. चिरंजीवांनी सांगून ठेवलंय की या वेळी चष्मा काचांसकट. काचांचं कागदी पाकीट आणि ती रिकामी फ्रेम माझ्या कपाटात आहे.